मुक्ता बर्वे अभिनेत्रीची निर्माती कशी झाली?

चिंचवडची मुलगी, पुण्याच्या ललित कला केंद्रात शिकली, मग मुंबई. घराघरात पोचली मात्र मालिकांमुळे: 'अग्निहोत्र' आणि 2012 ची 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'.

निर्मितीसंस्थेचं नाव 'रसिका प्रॉडक्शन्स'. 2011 मध्ये अकाली गेलेली अभिनेत्री रसिका जोशी ही तिची जिवलग मैत्रीण, नाव तिचंच. 'छापा काटा', 'लव्हबर्ड्स', 'इंदिरा', 'कोडमंत्र' ही तिथली नाटकं.

मला 'कोडमंत्र'चं कौतुक जास्त. लष्करी पार्श्वभूमी आणि रंगमंचावर गणवेशातली भलीमोठी फौज! हल्ली दोन-चार पात्रं आणि एक सोफा यात नाटक भागवतात, कारण हिशेब सोपा आहे: प्रत्येक कलाकाराची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, नाट्यगृहाचं भाडं, पेपरातली जाहिरात, नेपथ्याचा टेम्पो, दौऱ्याची बस. बुकिंग पडलं तरी हे पैसे द्यावेच लागतात. माणसं वाढली की खर्च वाढलाच. त्यात ती स्वतः प्रमुख भूमिकेत, म्हणजे बुकिंगचा आकडा डोक्यात ठेवून मेकअपला बसायचं.

राहिला टीव्ही. तिथली तिची ओळख अभिनेत्री म्हणूनच. निर्मितीचा जीव नाटकात.