वॉरगेमिंगच्या, म्हणजे टेबलावर लढाई खेळायच्या, २८ मिलिमीटर उंच सैनिकांना शोभेल अशी स्वस्त खेळण्यातली आगगाडी ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुठे मिळेल?

जांभळी नाक्याच्या बाजारात. जाताना एक सैनिक खिशात टाका आणि 'एचओच घे' (एचओ म्हणजे मॉडेल रेल्वेचं एक ठरलेलं माप) म्हणणारं कुणी सोबत नेऊ नका. मी नेलं होतं.

नेरूळच्या मावसभावाबरोबर मी दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश-बोअर युद्धातली चिलखती आगगाडी टेबलावर मांडणार होतो. १५ नोव्हेंबर १८९९ ला तिथल्या नाताळ नावाच्या वसाहतीत चीव्हलीजवळ बोअरांनी रुळांवर दगड ठेवून डबे उलथवले आणि बातमीदार म्हणून गेलेला चर्चिल सापडला, तीच गाडी. पठ्ठ्याने परदेशातून एचओचं इंजिन आणि दोन डबे मागवले. किंमत लिहीत नाही, मावशी हे वाचते.

गाडी आली, शेजारी सैनिक उभा केला. डब्याचं दार २२ मिलिमीटर, आमचा गडी बेससकट ३१. आत जायचं तर रांगत. तरी याचं चालूच, "दादा, स्केल म्हणजे स्केल." अरे, पण कुणाचं? एचओ १:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, आणि आपले सैनिक १:५६ च्या आसपास!

रविवारी त्याला ओढत जांभळी नाक्यावर नेलं. बॅटरी सेलवर चालणाऱ्या गाड्यांचे खोके उघडायला लावले. दुकानदार म्हणाला, "चालवून दाखवू का?" म्हटलं, "नको, दार मोजायचंय." नातवाला घेऊन आलेल्या एक आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. तिसऱ्या खोक्यात सापडलं: लालभडक वाफेचं इंजिन, ड्रायव्हरची खिडकी बरोब्बर सैनिकाच्या छातीशी. साडेतीनशे सांगितले, तीनशेला दिलं. तोवर मावसभाऊ लाजून वडापावच्या गाडीवर जाऊन उभा होता.

घरी मोटर काढून टाकली. खेळात गाडी हातानेच सरकवायची असते. साबणाने धुऊन काळा स्प्रे मारला, वर कोरड्या ब्रशने गंजाचा तपकिरी. डब्यांना जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा चिकटवला, बंदुकांसाठी फटी कापल्या, रिव्हेट म्हणून फेव्हिकॉलचे ठिपके दिले. खरी गाडी तरी काय होती? साध्या वॅगनींना पत्रे ठोकलेले आणि इंजिन मधोमध.

रुळांचं मात्र वेगळं. दक्षिण आफ्रिकेतला गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १०६७ मिलिमीटर, १:५६ ने १९ होतो. एचओचे रूळ १६.५ चे, म्हणजे टेबलावर खपून जातात. मावसभावाचे तेवढेच कामी आले, हे त्याच्यासमोर कधी बोललो नाही. आपली ब्रॉडगेज मांडायची असेल तर ३० हवेत, ओ गेजचे (एचओहून मोठ्या मॉडेल गाड्यांचे) ३२ चालून जातील.

नवी मुंबईतून येणार असाल तर ट्रान्स हार्बरने ठाण्याला उतरा, पश्चिमेला बाजार चालत गाठता येतो. माझी खरेदी दोन वर्षांपूर्वीची आहे, तेव्हा भाव आणि माल बदलला असेल.

आणि हो, तुमचे सैनिक २० मिलिमीटरचे, १:७२ चे असतील तर वरचं सगळं विसरा. तिथे १:७६ ची ओओ गाडी शोभते, एचओही फार वाईट दिसत नाही. मावसभावाचं इंजिन अजून कपाटात पडून आहे. हवं असेल तर विचारून बघतो, पण माझं नाव निघालं की तो भाव वाढवेल.