ध्रुवपद, धृपद आणि पालुपद

प्रश्न असा आहे: 'गाण्यातली एखादी ओळ दिवसभर डोक्यात घोळत राहते. तिला धृपद म्हणायचं की पालुपद? की मराठीत आणखी काही शब्द आहे?'

आधी त्या 'धृपदा'चा निकाल लावू. आरतीसंग्रहापासून स्नेहसंमेलनातल्या गाण्याच्या झेरॉक्सपर्यंत जिथे पाहावं तिथे पहिल्या ओळीपुढे ॥धृ॥ ठोकलेलं असतं. चूक आहे ते. शब्द ध्रुवपद, संक्षेप ॥ध्रु॥. हिंदीवाल्यांची अशी गल्लत सहसा होत नाही, कारण ते ऋ चा उच्चार 'रि' करतात, त्यामुळे धृ आणि ध्रु त्यांच्या कानाला वेगळे लागतात. आपण ऋ ला 'रु' म्हणतो, मग कान मदतीला येत नाही. त्यात बोटांचा आळस. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'ध्रु'साठी ध, हलन्त, र आणि उकार अशी चार अक्षरचिन्हं लागतात. 'धृ' दोनांत उरकतं. याच वाटेने 'धृवतारा' आणि 'धृवीकरण'ही छापलं जातं. (उलट धृतराष्ट्राचा 'ध्रुतराष्ट्र' करू नका. तो खरोखर धृ धातूचा, राष्ट्र धरून ठेवणारा.)

यावर ठरलेला प्रतिवाद येतो: 'धृ म्हणजे धरणे, म्हणून जे धरायचं ते धृपद.' पुरावा म्हणून तुकोबा पुढे केले जातात: 'गाती पुढें त्याचें धरावें धृपद । भावें चित्त शुद्ध करोनियां'. ऐकायला झकास. पण 'धरलेलं पद' म्हणायचं तर समास 'धृतपद' होईल. उघडा धातू पदाला चिकटवून तत्सम शब्द बनत नाही. आणि जुन्या पोथ्यांत रु-ऋ हा लेखनिकाच्या हाताचा मामला असतो. तिथून शुद्धलेखनाचा दाखला काढायचा नसतो. मग कोणी मोनिअर विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश उघडतो: ध्रुव हा शब्द धृ वरूनच आला असावा, असं तिथे सुचवलं आहे. असेल! नातं असलं म्हणून नातवाने आजोबांची सही करायची नसते.

आता खरी मजा. या ध्रुवाचा पत्ता आपल्याच देवगिरीचा आहे, निदान त्याची शास्त्रशुद्ध नोंद तरी. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त प्रबंधाचे, म्हणजे तेव्हाच्या बांधीव गाण्याचे, चार धातू, म्हणजे अवयव, सांगितले: उद्ग्राह, मेलापक, ध्रुव आणि आभोग. काही प्रबंधांत ध्रुव आणि आभोग यांच्या मध्ये आणखी एक तुकडा येई, तो 'अंतर'. आपला अंतरा तो हाच. आता बघा, प्रबंध आखडता घ्यायचा असेल तर मेलापक गळतो, आभोग गळतो. दोन धातूंचा प्रबंध उरला तरी उद्ग्राहाबरोबर ध्रुव असतोच. 'परत परत येतो म्हणून ध्रुव' असं सरसकट सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. ज्याला गाळता येत नाही तो ध्रुव, हा अर्थ आधीचा; पुन्हा पुन्हा येणं हा त्याचा परिणाम.

तुकोबांच्या त्या ओळीत शब्दापेक्षा क्रियापद मोलाचं आहे. ध्रुपद (ध्रुवपदाचंच आखूड रूप) धरणे म्हणजे पुढचा गातो त्याच्यामागे ती ओळ उचलून म्हणणे. कीर्तनात मागे उभे राहणारे ते ध्रुपदकरी. पोवाड्यात हेच काम झीलकरी करतात.

ध्रुवपद कुठे ठेवायचं याचं शहाणपण गाथेत पाहा. 'सुंदर तें ध्यान उभें विटेवरी । कर कटावरी ठेवूनियां' या ओळीवर गाथेत ॥ध्रु॥ नाही, ॥१॥ आहे. ॥ध्रु॥ आहे पुढच्या ओळीवर: 'तुळसीहार गळां कासे पीतांबर । आवडे निरंतर हेंचि ध्यान'. कारण व्याकरणात आहे. 'ठेवूनियां' हे अर्धवट टांगलेलं धातुसाधित. प्रत्येक कडव्यानंतर तिथे परत गेलं की वाक्य लोंबकळतं. 'आवडे निरंतर हेंचि ध्यान' मात्र कुठेही बसतं. 'कंठीं कौस्तुभमणि विराजित' म्हटलं, की आवडे निरंतर हेंचि ध्यान. शेवटी 'पाहीन श्रीमुख आवडीनें' म्हणून वळलं तर 'आवडीनें'ला 'आवडे' थेट येऊन भिडतं. भावगीताच्या अंगाने गाणारे पहिली ओळच फिरवतात. चाल गोड असते म्हणून खपून जातं. पण पत्रकावर छापताना ॥ध्रु॥ पहिल्या ओळीवर सरकवू नका. निम्मे गाथेप्रमाणे उचलतील, निम्मे पत्रकाप्रमाणे, आणि पहिल्याच कडव्यानंतर गोंधळ.

नवं गाणं लिहिणाऱ्यांनीही एवढं तपासावं: प्रत्येक अंतऱ्याची शेवटची ओळ आणि ध्रुवपद सलग वाचून एक वाक्य होतं का? नुसतं यमक जुळवलं तर ध्रुवपद दर वेळी डकवल्यासारखं ऐकू येतं.

पालुपद. लोक हा शब्द रडगाण्यासाठीच वापरतात, 'त्याचं नेहमीचं पालुपद'. बिचाऱ्याचा मूळ अर्थ ध्रुवपद हाच आहे. माझा तर्क असा की तो पल्लवावरून आला. गल्लाचा गाल आणि भल्लाचा भाला झाला तसा पल्लवाचा पालव. पुढे लवणाचं लोण होतं तसा 'अव'चा ओ, आणि पदाला जोडताना तो आखडून उ. कर्नाटक संगीतात ध्रुवपदाला पल्लवी म्हणतात, हा मला भरभक्कम जोड-पुरावा वाटतो. तिकडे काही पंडित पल्लवीची फोड 'पद, लय, विन्यास' अशी आद्याक्षरांची करतात. ती शब्दकोड्यात शोभेल. पल्लव म्हणजे कोवळा फुटवा, छाटला तरी त्याच जागी पुन्हा फुटणारा. परतून येणाऱ्या ओळीला याहून नेमकं नाव कोणतं द्यायचं?

हां, मूळ प्रश्न. डोक्यात घोळणारी ओळ गाण्यात परत येणारी असेल तर ध्रुवपद म्हणा किंवा पालुपद, दोन्ही बरोबर. बहुतेकदा तीच असते, कारण तीन अंतऱ्यांच्या गाण्यात सुरुवातीला दोनदा आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर एकदा धरली तरी ती पाच वेळा कानावर पडते. पण ती अंतऱ्याच्या मधली असेल तर तिला ध्रुवपद म्हणू नका. 'ओळ तोंडात बसली' असं आपण म्हणतोच. त्यासाठी वेगळं नाम घडवायची गरज नाही.