पाचवे कारण

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. गेल्या हंगामात बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस झाला आणि गळकुजीने, म्हणजे फुले व कोवळे मणी कुजून गळाल्याने, निम्म्याहून अधिक घड गेले. यंदा मी विमा उतरवला व एका एकरावर प्लॅस्टिकचे आच्छादन करायचे ठरवले, तेव्हा वडील म्हणाले, “ठेविले अनंते तैसेचि राहावे, एवढी धडपड म्हणजे देवावर अविश्वास.” वडील माळकरी आहेत, त्यांचा शब्द मी सहसा मोडत नाही. इकडे मला मात्र रात्र रात्र झोप लागत नाही आणि गेल्या वर्षी आपलेच काही चुकले, असे वाटत राहते. देवावर भार टाकायचा म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर : तुमच्या वडिलांनी सांगितलेला चरण तुकोबांचाच आहे, पण त्याला लागूनच “चित्ती असू द्यावे समाधान” असे ते म्हणतात, म्हणजे हा उपदेश चित्ताला आहे, हातांना नाही. “असाध्य ते साध्य करिता सायास । कारण अभ्यास तुका म्हणे” हेही त्याच तुकोबांचे बोल आहेत.

गीतेच्या अठराव्या अध्यायातील चौदावा श्लोक तुम्ही वडिलांसोबत बसून वाचावा, असे मला मनापासून वाटते. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे तेथे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. तुमच्या बागेत हे पाचही दिसतात. जमीन व वेल हे अधिष्ठान, तुम्ही कर्ते, कात्री व फवारणीयंत्र ही साधने, आणि छाटणीपासून विरळणीपर्यंतची सारी कामे या क्रिया. ऑक्टोबर छाटणीनंतर जो घड बाहेर पडतो, तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच (काढणी झाल्यावर नव्या काड्यांसाठी करतात त्या छाटणीनंतर) सूक्ष्म रूपाने काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, तयार झालेला असतो, हे तुम्ही माझ्याहून अधिक जाणता. त्या दिवसांतले पाणी, खत आणि शेंडा खुडणे तुमच्या हाती असते, पण तेव्हा आभाळ सतत भरून राहिले आणि ऊन कमी पडले, तर घडांची संख्या घटते. म्हणजे पाचवे कारण काढणीच्या वेळीच येते असे नाही, ते पहिल्या दिवसापासून सोबत असते.

म्हणून पहिल्या चारांचा भार देवावर टाकू नये आणि पाचव्याचा स्वतःवर घेऊ नये. विमा व आच्छादन ही साधने आहेत, जशी कात्री आहे. ती वापरल्याने श्रद्धा उणावत असेल, तर वेलीला मांडव बांधणेही अश्रद्धाच म्हणावी लागेल. (एका एकराचा खर्च झेपेल का, हा वेगळा, हिशेबाचा प्रश्न आहे, तो श्रद्धेच्या प्रश्नात मिसळू नका.) गेल्या वर्षी फवारणी चुकली असेल तर ती यंदा सुधारा, पण फुलोऱ्यात आलेला पाऊस हा तुमचा अपराध नव्हता, आणि तो तुमच्या भक्तीत काही उणे राहिल्याची शिक्षाही नव्हती. कोणी तसे सुचवले तरी मानू नका.

झोप न लागण्याबद्दल मला अधिक काळजी वाटते, कारण फळाची भीती शेवटी कामच बिघडवते. धास्तीने केलेली जादा फवारणी, काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी व काढणी यांत सोडायचे दिवस) न पाळता मारलेले औषध आणि त्यामुळे मण्यांत राहिलेला अंश हे सारे अशा भीतीतूनच घडते. फळ देवावर सोडायचे ते काम शांत बुद्धीने करता यावे म्हणूनही. सावता माळ्यांनी “कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी” म्हटले, ते अरणच्या मळ्यात राबत असताना, मळा सोडून नव्हे.

वडिलांशी वाद घालू नका. यंदाच्या छाटणीला पहिली काडी त्यांच्या हातून छाटून घ्या आणि विम्याचे कागदही त्यांना दाखवा. संध्याकाळी हवामानाचा अंदाज एकदा पाहून दुसऱ्या दिवसाचे काम ठरवा, मग वडिलांसोबत हरिपाठाला बसा आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवून झोपा. पहाटे पाहिलेल्या अंदाजावरून फवारणी पुढे ढकलता येते. रात्री दोन वाजता पाहिलेल्या अंदाजावरून बागेत काहीच करता येत नाही.