गाडी मॅनेजरच्या नावावर, चालवली मी

प्रश्न : मला २० वर्षं पूर्ण झालीत. डिप्लोमा करून पुण्यातल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला जायचं होतं. भाड्याच्या करारात चालकाचं किमान वय २१, म्हणून मॅनेजरनी सेल्फ-ड्राइव्ह गाडी स्वतःच्या नावावर घेतली आणि मला दिली. चंदनापुरी घाटात ती कठड्याला घासली. कोणाला लागलं नाही. गाडीवाले ९२ हजार मागताहेत, एचआर पगारातून कापू म्हणतंय. मॅनेजर म्हणतात, 'क्लेम फॉर्मवर मीच चालवत होतो असं लिहितो, तू फक्त साक्षीदार म्हणून सही कर.' काय करू?

उत्तर : सही करू नका. बाकी सगळं निस्तरता येईल, हे नाही. खोटी माहिती देऊन विम्याचे पैसे मागणं ही फसवणूक आहे; भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागू शकतं, आणि त्यात साक्षीदारही सुटत नाही. मोबाइलचं लोकेशन, टोलनाक्यावरचा कॅमेरा यांतून चालक कोण होतं ते सहज उघड होतं.

गंमत म्हणजे, खरं सांगण्यात तुम्ही समजता तेवढा धोकाही नाही. मोटार वाहन कायद्यात साध्या गाडीसाठी वय १८, परिवहन वाहनासाठी, म्हणजे भाड्याने चालणाऱ्या गाडीसाठी, २०. तुम्ही दोन्हीत बसता. 'रेंट-अ-कॅब' योजनेतल्या, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने देण्याचा सरकारी परवाना असलेल्या गाडीला कलम ३ प्रमाणे वेगळं परिवहन लायसन्स लागत नाही, साधं चारचाकीचं पुरतं. २१ ही अट कराराची आहे, कायद्याची नाही. ती मोडली म्हणून गुन्हा होत नाही. विमा कंपनी काय म्हणेल हे पॉलिसीतल्या चालकाच्या कलमावर ठरेल. त्यात बहुतेकदा वैध लायसन्स असलेला चालक चालतो. त्या पॉलिसीची प्रत मागा.

गाडीचा फोटो असेल तर नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ठीक, ती 'रेंट-अ-कॅब'ची पाटी. पांढरी पाटी असेल तर खासगी गाडी भाड्याने फिरवली जात होती. मग परवान्याचा आणि विम्याचा प्रश्न गाडीवाल्यांच्या गळ्यात आहे.

९२ हजारांचं म्हणाल, तर करार मॅनेजरनी केला, तुम्ही नाही. कराराच्या जोरावर मागणी त्यांच्याकडे व्हायला हवी. तुमच्यावर दावा करायचा तर निष्काळजीपणा सिद्ध करावा लागेल. गॅरेजचं बिल, विम्याच्या सर्व्हेअरचा (नुकसान तपासणाऱ्याचा) अहवाल आणि विम्यातून किती मिळाले याचा हिशेब लेखी मागा. विम्याने भरलेली रक्कम गाडीवाल्यांना पुन्हा तुमच्याकडून घेता येत नाही. करारात दंडाचा आकडा छापलेला असला, तरी कंत्राट कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते.

पगाराचं : तुमचं म्हणणं मांडायची संधी न देता नुकसानीची कपात करता येत नाही, आणि नुकसान तुमच्या हलगर्जीपणामुळेच झालं हेही दाखवावं लागतं. एचआरला आजच ई-मेल करा : गाडी कंपनीच्या कामासाठी, मॅनेजरांच्या सांगण्यावरून चालवली, कपातीला संमती नाही. वयाची अट तुम्हालाही माहीत होती, ती लपवू नका. 'गाडी तू घेऊन जा' असं मॅनेजरनी सांगितलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असेल तर स्क्रीनशॉट जोडा, आणि मूळ चॅट फोनमधून पुसू नका.