न्यू ऑर्लिन्सला कतरिनाच्या खुणा बघायच्या असतील तर

तुमचे प्रश्न दोन आहेत. डिसेंबरात आईबाबांना घेऊन तीन दिवस न्यू ऑर्लिन्सला जाताय, तर 2005 च्या कतरिना चक्रीवादळाचं बघण्यासारखं काही उरलंय का? आणि लोकांवर आलेलं संकट असं बघायला जाणं बरं दिसतं का? मी ह्यूस्टनला राहतो, आय-टेन हायवेने सहाएक तासांत तिथे पोचतो आणि घरी पाहुणे आले की मीच गाडी काढतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हॉटेल फ्रेंच क्वार्टरमध्ये घेतलंत तर पहिल्या दिवशी वाटेल की इथे काही झालंच नव्हतं. आणि तिथे खरोखरच फारसं पाणी आलं नाही. मिसिसिपीने गाळ टाकून टाकून काठ उंच केलाय आणि जुनं शहर त्या उंचवट्यावर बसलंय. 29 ऑगस्ट 2005 नंतर कालव्यांच्या भिंती फुटून शहराचा जो सुमारे 80 टक्के भाग बुडाला तो बहुतेक मागचा, दलदल उपसून वसवलेला सखल भाग. तिकडे गेल्याशिवाय काही कळत नाही.

पण जाण्याआधी जॅक्सन स्क्वेअरमधलं प्रेस्बिटेर संग्रहालय बघा (सोमवारी बंद असतं). तळमजल्यावर कतरिनाचं प्रदर्शन आहे, फॅट्स डॉमिनोचा पुरात बुडालेला पियानो तिथेच आहे. आईबाबांना बसत बसत बघता येईल. हे आधी पाहिलं नाही तर पुढे नुसत्या भिंती आणि रिकामी मैदानं दिसतील, आणि बाबा विचारतील, "हे दाखवायला आणलंस?"

तिथून गाडीने लंडन अव्हेन्यू कालव्याला जा. वॉरिंग्टन ड्राइव्हवर, जिथे कालव्याची भिंत फुटली त्याच जागी, एक छोटी बाग आणि माहितीफलक आहेत. शेजारच्या घराच्या खोल्या पूर ओसरल्यावर घरं जशी दिसत होती तशा पुन्हा मांडून ठेवल्या आहेत. आत जायचं नाही, खिडकीतून बघायचं. माझ्या मते अख्ख्या शहरात चुकवू नये अशी ही जागा. इथे आणि 17व्या स्ट्रीटच्या कालव्यावर पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत पोचलंही नव्हतं. खालची माती सरकली आणि भिंतच आडवी झाली. भिंती लष्कराच्या इंजिनिअर विभागाने बांधल्या होत्या आणि आराखड्यातल्या चुका 2006 मध्ये त्यांनीच मान्य केल्या. पुण्याच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. 1961 ला पानशेत फुटलं तेव्हाही नुसत्या पावसाला दोष देऊन भागलं नव्हतं.

आता लोअर नाइन्थ वॉर्ड ही वस्ती. सेंट क्लॉड किंवा क्लेबोर्नच्या पुलावरून इंडस्ट्रियल कालवा ओलांडायचा. (बार्ज आली की पूल उचलतात आणि रांग लागते, घाई ठेवू नका.) क्लेबोर्नच्या उत्तरेला, फुटलेल्या भिंतीच्या जागी बांधलेल्या नव्या भिंतीलगत जॉर्डन अव्हेन्यूवर सावकाश चालवा. एक घर, मग चार प्लॉट नुसतं गवत, मध्येच कुठेही न जाणाऱ्या दोन सिमेंटच्या पायऱ्या, मग पुन्हा एक घर. इतकी वर्षं झाली तरी पूर्वीच्या निम्मेही लोक परतलेले नाहीत.

का परतले नाहीत, हे आईबाबांना नक्की सांगा. इथली बरीच घरं कृष्णवर्णीय कष्टकरी कुटुंबांची, स्वतःच्या मालकीची आणि वडिलोपार्जित. पण आपल्याकडे सातबारावर अजून आजोबांचंच नाव असतं तशी कागदपत्रांची गत, त्यामुळे मदत मागायला गेलं की आधी मालकी सिद्ध करा. सरकारच्या 'रोड होम' योजनेत पैसे मिळायचे ते घराची पुरापूर्वीची किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यातलं जे कमी असेल त्यावरून. लाकूड आणि सुतार सगळीकडे त्याच भावाचे, पण या वस्तीतल्या घराची बाजारभावाने किंमत कमी; म्हणजे मदतही कमी. यावर खटला झाला, 2011 मध्ये तडजोड झाली, तोवर अनेकजण कुठे ना कुठे स्थिरावले होते. ह्यूस्टनमध्येही पुष्कळ आहेत. शहराची लोकसंख्या 2000 मध्ये साधारण 4 लाख 85 हजार होती, 2020 मध्ये 3 लाख 84 हजार.

याच भागात ब्रॅड पिटच्या संस्थेने बांधलेली रंगीबेरंगी, तिरप्या छपरांची घरं दिसतील. शंभराच्या वर बांधली, पण पुढे त्यांत गळती, बुरशी, कुजलेलं लाकूड निघालं आणि रहिवासी कोर्टात गेले. फोटोसाठी तिथे थांबू नका. त्यापेक्षा कॅफिन अव्हेन्यूच्या उत्तर टोकाला जा. तिथल्या लाकडी मचाणावरून बायू बियेनव्ह्यू हा दलदलीचा भाग दिसतो. कधीकाळी तिथे सायप्रसचं दाट जंगल होतं. जहाजांसाठी खोदलेल्या दुसऱ्या एका कालव्यातून खारं पाणी शिरलं, झाडं मेली आणि वादळाची लाट अडवणारी आडकाठी गेली. तो कालवा 2009 मध्ये बंद केला.

बघायला जाणं बरं दिसतं का? मोठ्या टूर बसना या वॉर्डात शहराने 2006 मध्येच मनाई केली, त्यावरून लोकांचा राग कशावर आहे ते समजा. स्वतःच्या गाडीने जा, राहत्या घरांचे फोटो काढू नका, ओसरीवर कुणी बसलं असेल तर आधी 'गुड मॉर्निंग' म्हणा. तिथे तशी रीतच आहे. बहुतेकदा समोरचाच बोलायला लागतो. मग आवरतं घेऊ नका, ऐका. एखाद्या घराच्या दारालगत रंगाने काढलेली फुली दिसली तर ती शोधपथकाची: वर तारीख, डावीकडे पथकाचं नाव, उजवीकडे धोके, खाली किती माणसं सापडली ते. काहींनी ती मुद्दाम पुसलेली नाही.

वेळ उरला तर कनाल स्ट्रीटच्या ट्रामने शेवटपर्यंत जाऊन चॅरिटी हॉस्पिटलच्या दफनभूमीतलं स्मारक बघा. ज्यांचे मृतदेह न्यायला कुणी आलं नाही, त्यांना तिथे ठेवलंय.

"पुन्हा असं होईल का," हे बाबा विचारणारच. साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून नव्या भिंती आणि दरवाजे झाले. 2021 मध्ये, त्याच 29 ऑगस्टला, आयडा चक्रीवादळ आलं तेव्हा ते टिकले; वीज मात्र अख्ख्या शहराची गेली. आणि 2017 च्या ऑगस्टमध्ये वादळ वगैरे काही नसताना, नुसत्या पावसाने, पंप नीट चालले नाहीत म्हणून रस्ते तुंबले.

आईबाबा शाकाहारी असतील तर एक लक्षात ठेवा: राजम्यासारखा दिसणारा रेड बीन्स-राइस बहुधा डुकराच्या मांसासोबत शिजवलेला असतो, आणि भाज्यांचा गम्बोही (तिथली दाट आमटी) मांसाच्या रश्शात असू शकतो. मागवण्याआधी विचारा.