बारा बारचा घोळ

प्रश्न : आमचा बँड क्रीम या ब्रिटिश रॉक बँडचं ‘क्रॉसरोड्स’ हे गाणं बसवतोय. गिटारचा सोलो (एकट्याचं वादन) लागला की सगळे ठेक्यातून सुटतात. का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मूळ गाणं ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनचं, १९३६चं, एकटा आवाज, एकच गिटार. त्यामुळं त्याला बार (चार-चार मात्रांचे गट) लांबवता येत. क्रीमनं १९६८च्या ध्वनिमुद्रणात ते सरळ रॉक ठेक्यात बांधलं. तुम्ही तिघं-चौघं, म्हणजे मोजणं आलंच. आवर्तन बारा बारचं, म्हणजे ४८ मात्रांचं : ए कॉर्ड चार बार, डी दोन, ए दोन, मग ई एक, डी एक आणि ए दोन. दुसऱ्या बारला डी घ्यायचा का, ते आधी ठरवा; निम्मी भांडणं तिथलीच. नवव्या बारचा ई बासवाल्यानं ठासून द्यावा. गिटारवाला हरवला तर तिथंच सापडतो. आणि ड्रमरनं सोलोत लय चढवू नये, कितीही हात शिवशिवले तरी!