मोटर अडकल्यावर किती करंट ओढते, ते आधी मोजा

खरीप जवळ आला की एकच प्रश्न गावोगावहून येतो: छोट्या डीसी मोटरला कोणती ड्रायव्हर चिप (मोटरला करंट पुरवणारी, वेग-दिशा सांभाळणारी चिप) लावू? पत्रात मोटरचे व्होल्ट असतात, बोर्डाची किंमत असते. अडकलेल्या मोटरचा करंट मात्र कोणीच लिहीत नाही.

पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपाचा वेग कमी-जास्त करायचा आहे. दुकानदार म्हणते, एल२९८एन बोर्ड घ्या, २ ॲम्पिअरचा आहे. चालते काय? (दारव्हा)

नका घेऊ. पंप एकाच दिशेने फिरतो. दिशा उलटवायची नसेल तर एच-ब्रिज, म्हणजे मोटर दोन्हीकडे फिरवणारं एल२९८एनसारखं सर्किट, लागतच नाही. आयआरएलझेड४४एन हा एक मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) घ्या. गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, १०० ओमचा रेझिस्टर, गेट ते ग्राउंड १० किलोओम, आणि मोटरच्या दोन टोकांवर ३ ते ५ ॲम्पिअरचा शॉट्की डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे. डायोड विसरलात तर मॉस्फेट जाणार. ३ ॲम्पिअरला हा मॉस्फेट जेमतेम पाव वॅट तापतो.

आता त्या ‘२ ॲम्पिअर’चं ऐका. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते आणि करंट आटोक्यात राहतो. सुरू होतानाच्या क्षणी, किंवा औषधाचा गाळ बसून पंप जाम झाला की, हा उलटा व्होल्टेज शून्य. मग करंट अडवायला उरतो फक्त वाइंडिंगचा रेझिस्टन्स. तो ३ ओम असेल तर १२ व्होल्टला थेट ४ ॲम्पिअर. मोटरवर छापलेला १.५ ॲम्पिअर तिथे कामाचा नाही. चिप निवडायची ती या ४ वर, वर थोडी सूट ठेवून.

मोजायचं असं: मोटरच्या वायरी सोडवा, मल्टिमीटर २०० ओमवर. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहा, तो नंतर वजा करायचा. शाफ्ट हाताने थोडा थोडा फिरवत पाच-सहा ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. गिअरच्या मोटरचा बाहेरचा शाफ्ट पक्कडीने धरून ‘जाम करंट’ मोजू नका, दात तुटतात.

एल२९८एन जुन्या पद्धतीची चिप आहे. २ ॲम्पिअरला तिच्यातच ४.९ व्होल्टपर्यंत खर्ची पडू शकतात, म्हणजे जवळपास १० वॅट नुसती उष्णता, आणि पंपाला उरतात सातच्या आसपास व्होल्ट. वर मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये ४५ अंश. बोर्डावरचा तो काळा हीटसिंक पाहून भुलू नका. ‘४३ ॲम्पिअर’ लिहून विकतात त्या बीटीएस७९६० बोर्डाचंही तेच: तो आकडा चिप स्वतःला वाचवायला करंट कुठे अडवते त्याचा आहे, दिवसभर वाहायचा नाही. जोडणी करण्यापूर्वी मोजलेले आकडे घेऊन तालुक्याच्या आयटीआयमधल्या निदेशकांना एकदा दाखवाच.

आयआरएफ५४० घरी पडून आहे. तोच लावला तर? (आर्वी)

नको. त्याला गेटवर १० व्होल्ट लागतात, ५ वर अर्धवट उघडून तापतो. तुमचा कंट्रोलर (गेटला सिग्नल देणारा बोर्ड) ३.३ व्होल्टचा असेल तर वर सांगितलेला आयआरएलझेड४४एनही पुरेसा उघडणार नाही. तेव्हा आधी विचारा, मग खरेदी करा.

टीबी६६१२ चिप १२ व्होल्टच्या बॅटरीवर दोनदा जळली. सोलर चार्जिंग चालू होतं. (कारंजा)

बॅटरी १२ ची, पण चार्ज होताना १४.४ पर्यंत चढते. ही चिप १३.५ व्होल्टपर्यंत चालवायची, १५ च्या वर गेली की संपली. लांब वायरीतून येणारे झटके उरलेलं काम करतात. ६.५ ते ४५ व्होल्टची डीआरव्ही८८७१ घ्या, कमाल ३.६ ॲम्पिअर. चिपच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कपॅसिटर हवाच. चार्ज कंट्रोलरही तपासून घ्या.

शाळेच्या प्रदर्शनातल्या गाडीला एल२९३डी चालेल? चार पेन्सिल सेल आहेत. (वरोरा)

गाडी रडतखडत चालेल. ६ पैकी अडीचेक व्होल्ट चिपच खाते. डीआरव्ही८८३३ लावा, पण तिला १२ व्होल्ट कधीही देऊ नका.

टोकणयंत्राची मोटर मंद वेगात शिट्टी मारते. व्हिडिओत सांगतात, फ्रिक्वेन्सी २० किलोहर्ट्झ करा. (मेहकर)

आर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डाचा पीडब्ल्यूएम (वेग कमी करायला करंट झटपट चालू-बंद करणं) बहुतेक पिनांवर ४९० हर्ट्झचा असतो, तोच ऐकू येतो. तो बिघाड नाही. २० किलोहर्ट्झला शिट्टी जाईल, पण मंद वेगात मोटर उचलणार नाही आणि जुनी चिप जास्त तापेल. १०० ते २०० हर्ट्झला प्रत्येक झटक्यात करंट पुरता चढतो, ब्रशचं घर्षण सुटतं. त्याहून बरंच खाली आणलं तर मोटर धक्के देत फिरते आणि बी एकसारखं पडत नाही. खरंच मंद हवं असेल तर जास्त रिडक्शनचा गिअर घ्या.

अंडी उबवण यंत्राचा ट्रे फिरवणाऱ्या २३० व्होल्टच्या मोटरला कोणती चिप? (मानोरा)

कोणतीच नाही. ती सिंक्रोनस मोटर, तिला टायमर आणि रिले. जोडणी वायरमनकडूनच.

दिवाळीपासून बोर्डाला बोट लावता येत नाही इतका तापतो, पण मोटर चालते. चालू ठेवू काय? (उमरखेड)

आजच बंद करा. दिवाळी ते आता, एवढे महिने वाट कशाची पाहिली? बॅटरीच्या प्लस टोकाजवळ ५ ॲम्पिअरचा फ्यूज टाका. वायरी शॉर्ट झाल्या तर फ्यूज वाचवतो, अडकलेल्या मोटरपासून नाही. बोर्ड आणि मोटर, दोन्ही घेऊन मेकॅनिककडे जा. नुसता बोर्ड नेलात तर तो तसलाच नवा बसवून देईल.